विज्ञान पुढे घ्यायचेच नाही, मग समजून घ्यायचे कशाला?

वाचकांचा प्रश्न: एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. भाषा आणि इतिहास हे तिचे आवडते विषय असून पुढे कायद्याचे शिक्षण घ्यायचे, हे तिने मनाशी पक्के केले आहे. सामान्य विज्ञानात तिला गुण चांगले मिळतात, पण ते प्रश्नोत्तरे पाठ करून. अलीकडे सर्दी झाली तेव्हा तिने मागच्या आजारपणातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःहून घ्यायला काढल्या. त्याच महिन्यात ‘जीवाणू व विषाणू यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यानंतर काही दिवसांनी, अमुक एक पदार्थ खाल्ल्याने एका गंभीर आजाराचा धोका दुप्पट होतो, असा मोबाइलवर आलेला संदेश तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वडिलांचे म्हणणे असे की गुण मिळत आहेत, विषय पुढे सुटणार आहे, तेव्हा त्यात आणखी वेळ घालवण्याचे कारण नाही. आईला मात्र हे पटत नाही. ‘शिकवणी लावावी, समजून घेण्याचा आग्रह धरावा, की सोडून द्यावे? मला स्वतःला विज्ञान येत नाही, मी तिला काय शिकवणार?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

गोळ्यांचा प्रसंग तुम्ही दोन ओळींत लिहून पुढे गेला आहात, पण तुमच्या प्रश्नाचे मूळ मला त्याच प्रसंगात दिसते. तुमच्या मुलीला फरक माहीत नव्हता, असे म्हणता येत नाही. तिने तो तक्त्यात मांडला होता आणि त्या तक्त्यात पेशीरचनेचा एक मुद्दा नक्कीच असणार. जीवाणू ही एक पूर्ण पेशी असते आणि बहुतेक जीवाणूंना पेशीभित्तिका असते. विषाणूला पेशीच नसते, मग भित्तिका कोठून असणार? पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक जीवाणूची भित्तिका बांधण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. ज्याला भित्तिका नाही त्याच्यावर या औषधाचा काहीही परिणाम होऊ शकत नाही, आणि सर्दी तर विषाणूंमुळे होते. म्हणजे गोळी का घेऊ नये, याचे उत्तर तिच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले होते. ‘मग सर्दीला यातले कोणते औषध लागू पडेल?’ हा पुढचा प्रश्न तेवढा तिला कोणी कधी विचारला नव्हता, आणि तिलाही तो सुचला नव्हता. उरलेल्या गोळ्यांचा धोका वेगळा सांगायला हवा. पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच 1945 मधल्या आपल्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जीवाणू मरत नाहीत, उलट ते औषधाला दाद न देणारे बनतात.

तेव्हा पुढचे सगळे विवेचन मी याच एका गोष्टीभोवती करणार आहे. तुमच्या मुलीकडे माहिती आहे. त्या माहितीला पुढचा प्रश्न विचारण्याची सवय नाही. ही सवय म्हणजेच वैज्ञानिक साक्षरता असे मला वाटते, आणि ती माध्यमिक शाळेच्या वयात लावता येते.

आता घरात जे गृहीत धरले गेले आहे, त्याकडे वळू. जो पुढे विज्ञान घेणार नाही त्याने ते समजून घेण्याची गरज नाही, या म्हणण्यात वडिलांची काळजी खरी आहे, कारण मुलांचा वेळ मोजका असतो. पण मला हिशेब नेमका उलटा दिसतो. जे विद्यार्थी पुढे विज्ञान घेतात, त्यांच्या आजच्या चुकीच्या समजुती दुरुस्त व्हायला पुढची पाच-सात वर्षे मिळतात. कायद्याकडे जाणाऱ्या मुलीला ती संधी नाही. आज जे समजेल त्याच्याच बळावर तिला रुग्ण म्हणून डॉक्टरांशी बोलायचे आहे, पालक म्हणून निर्णय घ्यायचे आहेत, मतदार म्हणून ऊर्जेच्या नि पाण्याच्या प्रश्नांवर मत बनवायचे आहे. वकील झाल्यावर तिच्यासमोर डीएनए चाचणीचे अहवाल येतील, प्रदूषणाची मोजमापे येतील, तज्ज्ञांच्या साक्षी येतील. हे तिला जरूर सांगा, मात्र आमिष म्हणून सांगू नका. ‘कायद्यात उपयोगी पडेल म्हणून शीक’ असे म्हटले की मुले ते ओळखतात, आणि विषयाची गोडी आहे तीही कमी होते.

दुसरे गृहीतक तुमच्या पत्रात आहे, आणि ते म्हणजे पाठांतर हेच सगळ्याचे मूळ आहे. मी पाठांतराला शत्रू मानत नाही. पेशी, अणू, ऊर्जा, घनता हे शब्द आणि त्यांच्या व्याख्या डोक्यात पक्क्या नसतील, तर प्रश्न विचारायलाही भाषा उरत नाही. गुणांनाही हिणवू नये, कारण ते तिने कष्टाने मिळवले आहेत. तिचा अभ्यास पाठांतरापाशी थांबतो, अडचण एवढीच आहे. तो पुढे कसा नेता येतो हे एका उदाहरणाने दाखवते, आणि तिला इतिहास आवडतो म्हणून उदाहरणही मुद्दाम इतिहासातलेच घेते.

तिला विचारा की एखाद्या मोठ्या झाडाच्या खोडात जे शेकडो किलो लाकूड असते, त्यातला पदार्थ कोठून आला. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बिनचूक लिहिणारी पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, ‘मातीतून’ असे उत्तर देतात. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्माँट या वैद्याने हीच गोष्ट तपासायचे ठरवले. त्याने 200 पौंड वाळवलेली माती एका कुंडीत भरली, तिच्यात 5 पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले, वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीचे तोंड झाकले आणि पाच वर्षे रोपाला फक्त पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन 169 पौंडांवर गेले होते. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम 2 औंसांनी कमी झालेली होती. झाड माती खाऊन वाढत नाही, हे त्याने तराजूने दाखवले. पण त्याने निष्कर्ष काढला तो असा, की सगळे लाकूड पाण्यापासूनच बनले. मोजमाप चोख होते, विचारही त्या काळाच्या मानाने सरळ होता, तरीही उत्तर अपुरे राहिले, कारण झाडाभोवतीची हवा त्याने हिशेबातच धरली नव्हती. विशेष म्हणजे कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यास करणारा माणूसही हाच होता. ज्या वायूतून झाड आपला कार्बन घेते, तो त्याच्या परिचयाचा होता आणि तरीही हा संबंध त्याला जोडता आला नाही.

त्याचा हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापला गेला. जळत्या मेणबत्तीने बिघडलेली हवा वनस्पती पुन्हा सुधारते, हे जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 च्या दशकात दाखवले. हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही प्रकाशातच, हे यान इंगेनहाउस यांनी 1779 मध्ये सिद्ध केले. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन आणि त्याबरोबर पाणी, असे दोन्ही मिळून झाडाचे वजन वाढते, हे निकोला-थिओडोर द सोस्यूर यांच्या काटेकोर मोजमापांतून 1804 मध्ये पुढे आले. पाठ्यपुस्तकात एका ओळीत बसणाऱ्या समीकरणामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाची ही खटपट आहे. मुलीला समीकरण येतेच. तिला एवढेच विचारा की हेल्माँटने काय मोजले, काय मोजायचे राहिले आणि त्याची चूक पकडायला तिने कोणता प्रयोग केला असता. इतिहासाची आवड असलेली मुलगी या प्रश्नात रमेल, असा माझा अंदाज आहे.

‘मला विज्ञान येत नाही, मी काय शिकवणार’ या तुमच्या वाक्यात तिसरे गृहीतक आहे. तुम्हाला शिकवायचे नाहीच. तुम्ही श्रोता व्हायचे आहे. एखादा धडा संपला की तिला पुस्तक मिटायला सांगा आणि तो तिच्या स्वतःच्या भाषेत तुम्हाला सांगायला लावा. पहिल्या फेरीत पारिभाषिक शब्द वापरायचे नाहीत, असा नियम ठेवा. जिथे तुम्हाला समजले नाही तिथे तिला थांबवा आणि तसे मोकळेपणाने सांगा. ती जिथे अडखळेल तेवढाच भाग तिने पुन्हा वाचायचा आहे. इथे तुमचे अज्ञान उपयोगाचेच आहे, कारण विषय जाणणारा माणूस मुलाचे अर्धवट वाक्य मनातल्या मनात पूर्ण करून घेतो आणि ‘बरोबर’ म्हणून मोकळा होतो. तुमच्याकडून तसे होणार नाही.

श्रोता म्हणून दोन प्रश्न कायम हाताशी ठेवा: ‘हे कशावरून?’ आणि ‘किती?’ यातला दुसरा प्रश्न आपल्याकडून फार कमी वेळा विचारला जातो. त्या संदेशाचेच पाहा. धोका दुप्पट होतो, पण कितीवरून किती? दर 10,000 माणसांत एकाला होणारा आजार दोघांना होऊ लागला, तर धोका दुप्पट झाला. 10,000 पैकी हजारांना होणारा आजार दोन हजारांना होऊ लागला, तरीही दुप्पटच झाला. पहिल्या परिस्थितीत 10,000 मागे एक माणूस वाढला, दुसरीत हजार वाढले, आणि संदेशात शब्द मात्र तोच आहे. पुढे विचारायचे की तो पदार्थ किती खाल्ला, किती काळ खाल्ला, किती लोकांचे निरीक्षण केले, तुलना कोणाशी केली. तो पदार्थ जास्त खाणारे लोक वयाने मोठे असतील, किंवा त्यांना दुसऱ्या सवयी असतील, तर आजाराचे कारण त्यांतही असू शकेल. यातले काहीच त्या संदेशात नसेल, तर तो खोटा आहे असा निकाल देण्याची घाई तिने करू नये. ‘एवढ्या माहितीवरून काही ठरवता येत नाही, म्हणून मी हे पुढे पाठवत नाही’ इथपर्यंत ती पोहोचली, तरी पुरेसे आहे.

इथे एक धोका आहे, आणि तो मला फार गंभीर वाटतो. प्रश्न विचारायला शिकलेली काही मुले सरसकट सगळ्यावरच संशय घेऊ लागतात. ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे’ हे वाक्य मग त्यांच्याही तोंडी येते. हेल्माँटपासून सोस्यूरपर्यंतची वाटचाल इथे पुन्हा आठवावी. निष्कर्ष बदलत गेले हे खरे, पण मातीचे वजन जवळजवळ घटत नाही, हे निरीक्षण कोणी खोडले नाही. त्यात भर पडत गेली. काही गोष्टींचा पुरावा इतका भक्कम असतो की रोज नव्याने शंका काढण्यात अर्थ नसतो. लसीकरणाच्या जोरावर देवी हा रोग जगातून नाहीसा झाला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे अधिकृतपणे जाहीर केले, ही अशीच एक गोष्ट. उलट, एखाद्या पदार्थाचा आरोग्यावर दीर्घकाळात काय परिणाम होतो, अशा प्रश्नांवर अभ्यास चालू असतात आणि उत्तरे सुधारत राहतात. या दोन प्रकारांत भेद करता येणे हा साक्षरतेचाच भाग आहे. शिवाय प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून पाहणे कोणालाच शक्य नसते; तज्ज्ञांवर विश्वास ठेवावाच लागतो. तेव्हा बोलणाऱ्याचा अभ्यास नेमका याच विषयातला आहे का, त्या क्षेत्रातल्या इतर जाणकारांचे काय मत आहे, आणि सांगणाऱ्याला आपल्याला काही विकायचे आहे का, एवढे पाहून हा विश्वास ठेवायला तिला शिकवा.

नुसत्या बोलण्याने मात्र ही सवय लागत नाही. हाताने काहीतरी करायला हवे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एका मोकळ्या संध्याकाळी साधा दोलक करा. मजबूत दोरा, त्याच्या टोकाला लहानसे वजन आणि वेळ मोजायला मोबाइल एवढे पुरते. वर बांधलेल्या ठिकाणापासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेवा, दोलक थोडासाच बाजूला नेऊन सोडा आणि दहा पूर्ण झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजा. साधारण 20 सेकंद येतील. आता पुढचे काही करण्याआधी तिला अंदाज लिहून ठेवायला सांगा: वजन दुप्पट केले तर वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? अंदाज कागदावर उतरलाच पाहिजे, कारण न लिहिलेला अंदाज निकाल पाहिल्यावर नकळत बदलतो. वजन दुप्पट करून मोजा. लांबी तीच ठेवली असेल, तर वेळ तेवढाच येईल. मग विचारा की वेळ निम्मा, म्हणजे 10 सेकंद, करायचा असेल तर दोरा किती ठेवावा लागेल. बहुतेक जण अर्धा मीटर म्हणतात. करून पाहिले तर 14 सेकंद भरतात. 10 सेकंद मिळायला दोरा 25 सेंटिमीटरवर आणावा लागतो. असे का, याचे गणित तिला आज येण्याची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे या अर्ध्या तासात तिला जेवढे समजेल तेवढे व्याख्या वाचून समजणार नाही.

प्रत्येक मोजणी तीनदा करा. तिन्ही आकडे थोडे वेगळे येतील, आणि कदाचित ती म्हणेल की प्रयोग चुकला. मोबाइलवर बोट दाबायला लागणारा वेळ दर वेळी सारखा नसतो, म्हणून आकडे हलतात. कोणत्याही मोजमापात असा थोडा फरक असतोच, आणि तो किती आहे हे सांगणे प्रामाणिक मोजणीचा भाग आहे. शाळेच्या प्रयोगवहीत निरीक्षणांचे आकडे पुस्तकातून किंवा मैत्रिणीच्या वहीतून उतरवण्याची पद्धत सर्रास दिसते. तुमच्या मुलीने घरच्या प्रयोगात तरी मिळालेला आकडाच लिहावा, यावर तुम्ही ठाम राहा. पुस्तकातल्या आकड्याशी तो जुळला नाही, तर का जुळला नाही हे शोधण्यात तिचे जास्त शिक्षण होईल.

शिकवणीबद्दल थोडक्यात. तीच प्रश्नोत्तरे पुन्हा घोटून घेणारी शिकवणी तुमच्या मुलीला काहीच नवे देणार नाही, कारण ते काम ती स्वतः उत्तम करते. मुलांना बोलते करणारे, चुकीच्या उत्तरामागचा विचार विचारणारे शिक्षक मिळत असतील, तर जरूर विचार करा. त्याआधी शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा भेटा. अभ्यासक्रम संपवण्याचे ओझे त्यांच्यावर असते, याची जाणीव ठेवून एवढेच विचारा की वर्गात विचारता न आलेला एखादा प्रश्न तिने आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे आणला तर चालेल का.

गोळ्यांवरून तिला रागावू नका, पण त्या तशाच कपाटातही ठेवू नका. उरलेल्या औषधांचे काय करायचे, हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानात विचारा. तिचा तोच तक्ता तिच्यापुढे ठेवून, सर्दीचा निर्णय त्यातल्या कोणत्या ओळीवरून करता येईल हे तिलाच शोधू द्या.

अशीच पत्रे आणखीही येतात, म्हणून दोन शब्द इतर वाचकांसाठी. ज्यांची मुले पुढे विज्ञानच घेणार आहेत आणि ज्यांना गुणही भरपूर आहेत, त्यांनीही झाडाच्या लाकडाचा प्रश्न घरी विचारून पाहावा. चांगल्या गुणांआड हीच उणीव तिथे जास्त काळ दडून राहते. ज्यांची मुले ‘मला विज्ञान जमतच नाही’ म्हणतात, त्यांनी आधी नेमके कुठे अडते ते पाहावे. अनेकदा अडसर गणिताचा असतो, गुणोत्तर किंवा एककांचे रूपांतर कच्चे असते. कधी पाठ्यपुस्तकातली लांबलचक वाक्येच मुलाला कळत नाहीत. अशा वेळी विज्ञानाची जादा पुस्तके आणून देण्यापेक्षा महिनाभर गुणोत्तरांचा सराव किंवा मोठ्याने वाचून अर्थ सांगण्याचा सराव अधिक कामाला येतो.

आता वडिलांच्या वेळेच्या मुद्द्याविषयी. रोज काही करण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरे, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढेही बाजूला ठेवले तरी हरकत नाही. त्यांनाही या अर्ध्या तासात सामील करून घ्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आणि जुलैत हे अंतर 15.2 कोटी किलोमीटरपर्यंत वाढते. मग उत्तर गोलार्धात जानेवारीत हिवाळा का, असा प्रश्न मुलीनेच त्यांना विचारावा आणि दोघांनी मिळून अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलापर्यंत पोहोचावे. एवढाही वेळ एखाद्या आठवड्यात निघाला नाही, तर धड्याखालच्या ‘शास्त्रीय कारणे द्या’ या गटातला एकच प्रश्न निवडा, पाठ केलेले उत्तर बाजूला ठेवून तिला ते कारण तोंडी सांगू द्या आणि तिच्या उत्तराला ‘हे कशावरून?’ असे एकदा विचारा. हे प्रश्न परीक्षेतही येतात, त्यामुळे या तडजोडीला वडिलांचीही ना नसावी.